सिस्टर म्हणाली, नीफा

आयर्लंडला नर्स असलेल्या भाचीला काल फोनवर मी एका शब्दाचा अर्थ विचारला. ती म्हणाली, तिथल्या जुन्या भाषेत नीफा म्हणजे पवित्र. बाहेर दिवाळीच्या फटाक्यांचा वास भरून राहिला होता.

मी लहान असताना तेरखेड्याला फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला, त्यात माझी थोरली बहीण शांता भाजली. मिशनच्या दवाखान्यात तिला केळीच्या पानांवर निजवलं होतं. तिच्या अंगाला हाच वास येत होता. आई हात लावायला गेली की म्हातारी आयरिश सिस्टर थांबवायची.

"नका बाई, कातडी निघेल."

संध्याकाळी सिस्टरनं शांताचे ओठ ओले केले आणि हळूच म्हणाली, "नीफा."

मला ते औषधाचं नाव वाटलं. "आई, नवं औषध दिलंय. आता बरी व्हईल ती," मी म्हणाले.

सिस्टरला ते कळलं, पण तिनं माझी चूक सुधारली नाही. ते औषध नव्हतं, निरोपाची प्रार्थना होती; तिनं आशा सोडली होती, हे मला काल उमगलं.

मग सिस्टरनं पायावरची चादर उचलली. शांताचे तळपाय तेवढे भाजायचे राहिले होते.

"इथं धरा," ती आईला म्हणाली.

आईनं ते दोन्ही हातांत घेतले, आणि गार पडल्यावरही सोडले नाहीत.