पी के म्हणजे पक्का

कोणी काही विचारायला गेलं की काकू आधी शेजारची खुर्ची ओढायच्या, "बस" म्हणायच्या, आणि तुमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत स्वतःच विचारायच्या, "काहून?" नागपूरकडचं हे 'का' त्यांनी भोपाळमध्ये उभा जन्म काढूनही सोडलं नव्हतं. हिंदीत बोलतानासुद्धा ते मध्येच उगवायचं. "वो तो ठीक है, पर काहून?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. उत्तर मागायला जावं, तर आपलाच प्रश्न झाडून-पुसून परत हातात देणारी.

आमची ओळख कामातून झाली. भोपाळच्या अरेरा कॉलनीत एका दातांच्या डॉक्टरांच्या वरच्या मजल्यावर आमचं सहा जणांचं ऑफिस आहे. एका मोठ्या कारखान्याचं काम आमच्याकडे आलं होतं. तिथे कोबोल नावाच्या जुन्या संगणकभाषेतले प्रोग्राम अजून चालतात. लिहिणारे कधीच रिटायर झाले आणि नव्या इंजिनियरांना ते उलगडत नाहीत. त्यांना मदतनीस हवा होता, कोड दाखवला की समजावून सांगणारा, दुरुस्ती सुचवणारा. पण कोड इंटरनेटवर कुठे पाठवायचा नाही, ही अट. म्हणून आम्ही आपल्याच मशीनवर चालेल असं एक छोटं तयार एआय मॉडेल घेतलं आणि नमुन्याची शेकडो प्रश्नोत्तरं देऊन त्याला त्या कोडमध्ये मुरवायला बसलो. याला फाइन-ट्यूनिंग म्हणतात. काकू त्याला 'वळण लावणं' म्हणत, आणि मला तोच शब्द जास्त पटतो.

पहिले नमुने जुनी मॅन्युअलं समोर ठेवून आम्हीच घाईघाईत लिहिले होते. मॉडेल इतकं गुळगुळीत बोलायला लागलं की मी हरखून गेले. कारखान्यातल्या एका साहेबांनी ती उत्तरं चाळली आणि म्हणाले, "जिन मैडम ने ये प्रोग्राम लिखे थे, वो अयोध्या नगर में रहती हैं. एक बार उनको दिखा लो."

मी कागद घेऊन गेले. काकू कढीपत्त्याला पाणी घालत होत्या. हात पदराला पुसून त्या पायरीवरच वाचायला बसल्या. तिसऱ्या पानावर त्यांना असं हसू फुटलं की चष्मा काढावा लागला.

"अगं पोरी, हा म्हणतो, पी के म्हणजे प्रायमरी की!"

"मग नाही? सगळीकडे तोच अर्थ असतो, नोंदीची ओळखखूण."

"पी के म्हणजे पक्का! तपासून पास झालेला माल. आणि के सी म्हणजे कच्चा. नावं मीच ठेवली होती. तेव्हा जागा कुठे असायची? दोन अक्षरांत भागवावं लागायचं." त्यांनी पान उलटलं. "लिहितो मात्र काय झोकात! माहीत काही नाही, पण सही ठोकून मोकळा."

मग कागद नीट जुळवत त्या म्हणाल्या, "मी रिटायर झाले तेव्हा शाल दिली, नारळ दिला. हे मात्र कोणीच विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्या आमच्या जिन्यात हजर होत्या. हातात डबा, डब्यात सांबारवडी. आमचा समीर अस्सल भोपाळी. तो बिचारा सांबारात बुडवलेला वडा शोधत बसला. काकूंनी त्याला समजावलं की नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. "देखा? शब्द एक, मतलब दो. तुम्हारे मॉडेल को भी यही बीमारी है."

त्यानंतरचे दोन महिने मला अजून सणासारखे आठवतात. काकू आधी वहीत प्रश्न लिहायच्या, खाली उत्तर, मग ते उत्तर खोडून दुसरं. मी म्हणायचे, "काकू, हजार तरी नमुने पाहिजेत." त्या म्हणायच्या, "काहून? शंभर वाईट मास्तरांपेक्षा एक बरा मास्तर परवडला." त्यांच्या हातचे तीनशे नमुने घालून मॉडेल पुन्हा शिकवलं, आणि ते पहिल्यांदा म्हणालं की पी के हा तपासणीचा शिक्का आहे. आम्ही सगळे खुर्च्या सोडून उठलो. खालून डॉक्टरांचा माणूस विचारायला आला, काय झालं म्हणून.

काकूंनी एक वेगळी वहीही ठेवली होती. तिच्यात चाळीस प्रश्न होते, मॉडेलची परीक्षा घेण्यासाठी. ते प्रश्न शिकवण्याच्या नमुन्यांत घालायचे नाहीत, अशी सक्त ताकीद होती. "पेपर फोडायचा नाही, सांगून ठेवते."

कारखान्यातल्या चाचणीला आठ दिवस उरले असताना मॉडेलला चाळीसपैकी अडतीस मार्क पडले. आदल्या आठवड्यात पंचवीस होते! समीरने पोहे-जलेबी मागवली. आमच्या साहेबांनी हा आकडा कारखान्याला कळवायची मेल लिहायला घेतली. हे काम टिकलं नाही तर आमच्यातल्या दोघांना जावं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे आनंदाला सुटकेची चवही होती.

काकूंनी जलेबीला हात लावला नाही. "एका आठवड्यात तेरा मार्क वाढले. काहून?"

समीर फायली उघडून बघत गेला, आणि त्याचा चेहरा उतरला. परीक्षेची फाईल त्याच्याच हातून चुकून शिकवण्याच्या फोल्डरमध्ये गेली होती. आमच्या पोराने, म्हणजे मॉडेलने, पेपर आधीच पाठ केला होता.

मी काकूंना बाजूला नेलं. आज लिहितानाही लाज वाटते, पण मी म्हणाले, "काकू, कारखान्यातल्यांना हे कुठे कळणार आहे? चाचणी होऊन जाऊ दे, मग निवांत दुरुस्त करू."

त्या रागावल्या नाहीत. माझ्यासाठीही खुर्ची ओढली, बसवलं. "त्यांची पोरं याच्या भरवशावर कच्चा माल पक्का म्हणून पुढे ढकलतील. तो पार्ट कुठल्या मशीनमध्ये बसेल, तुला माहीत आहे? मला माहीत आहे."

साहेबांनी मेल पाठवली नाही. समीरने ते प्रश्न काढून मॉडेल पुन्हा शिकवलं, काकूंनी चाळीस नवे प्रश्न काढले. मार्क आले सव्वीस. पण त्या चुका तपासताना काकूंना आणखी एक गोष्ट दिसली, आणि त्या टेबलावर थाप मारून ओरडल्याच, "अगं, आपल्या एकाही नमुन्यात 'मला माहीत नाही' असं उत्तरच नाही! आपणच याला थापा मारायला शिकवलं!"

मग जे सुरू झालं ते काय सांगू. पाच दिवस सगळं ऑफिस एकाच प्रकारचे नमुने लिहीत होतं. अपुरा प्रश्न आला, तर उलट प्रश्न विचार. कोड दिसत नसेल, तर मागून घे. कळत नसेल, तर तसं सांग. समीर सकाळी आल्या आल्या म्हणायचा, "मैडम, आज कितनी बार नहीं पता बोलना है?"

चाचणीला काकू, समीर आणि मी असे तिघं कारखान्यात गेलो. एका तरुण इंजिनियर बाईंनी मुद्दाम तिरका प्रश्न टाकला, पी के काढून टाकला तर चालेल का? उत्तर दोन ओळींचं आलं. पी के दोन प्रोग्राममध्ये आहे. एकीकडे तो तपासणीचा शिक्का आहे, दुसरीकडे पेटीचा क्रमांक असावा असं वाटतं, पण खात्री नाही. आपण कोणत्या प्रोग्रामबद्दल विचारताय?

बाई स्क्रीनकडे बघतच राहिल्या. "ये तो उल्टा पूछ रहा है!"

"पेटीचा क्रमांक," काकू माझ्या कानात म्हणाल्या. "हे तर मीही विसरले होते गं."

पुढे दोन उत्तरं साफ चुकली. ती चुकलीत हे काकूंनीच मोठ्याने सांगितलं. तरी काम आमच्याकडेच राहिलं. कदाचित त्या सांगण्यामुळेच राहिलं असेल. समीरने बाहेर येऊन त्यांना वाकून नमस्कार केला, आणि त्यांनी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

त्या हिवाळ्यात काकूंनी अयोध्या नगरचं घर आवरलं आणि त्या नागपूरला बहिणीकडे राहायला गेल्या. बहिणीला सोबत हवी होती. मी स्टेशनवर पोचवायला गेले. काय काय बोलायचं ठरवून गेले होते. मी कोणाला कधी नीट म्हटलेलं नाही असं बरंच काही. सामान लावलं, खाली उतरले आणि खिडकीशी येऊन उभी राहिले.

समोरच्या सीटवरच्या आजोबांनी बहुधा सहज विचारलं होतं, तुम्ही काय करता. काकू सरसावून बसल्या होत्या. दोन्ही हातांनी हवेत मोठा चौकोन काढत होत्या, त्यात बोटाने जणू नमुने टाकत होत्या, उत्तरं बाहेर काढत होत्या, मान हलवून 'नाही, नाही' म्हणत पुन्हा टाकत होत्या. आजोबा तोंड उघडं ठेवून ऐकत होते. गाडी हलली. मी हात वर केला. काकूंचं लक्ष नव्हतं. त्यांचा चौकोन अजून पुरा व्हायचा होता.