जळायला निघालेली तार

शिवाजीनगरच्या एका बोळात एक म्हातारे कारागीर चांदीची तार ओढायचे. मी त्यांना अण्णा म्हणायचे, ते मला अक्का. नावं विचारायची वेळ कधी आलीच नाही.

मला प्रयोगशाळेसाठी शुद्ध चांदीची तार लागायची. पाण्यात दोन तारांची टोकं जवळ आणून वीज सोडली की मध्ये प्लाझ्मा, म्हणजे ठिणगीसारखा तप्त वायू, पेटतो, टोकं झिजतात आणि चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात उतरतात. जखमेच्या पट्टीत घातले तर ते जंतू मारतात का, हे मी तपासत होते.

पहिल्या तारेचे निकाल काही केल्या जुळेनात. पाहते तर चांदीत तांबं! मी तणतणतच बोळात शिरले.

"नुसती चांदी फार मऊ, अक्का. वाकेल म्हणून जरासं तांबं घातलं," ते म्हणाले. आयुष्यभर लेकीबाळींचे पैंजण घडवलेल्या हाताची ती सवय. माझा राग तिथंच विरला.

दुसरी तार निर्भेळ निघाली. तिच्या कणांनी पिवळं झालेलं पाणी मी बाटलीत भरून त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी ते उजेडात धरून बराच वेळ पाहिलं.

"आजवर सगळं टिकावं म्हणूनच घडवलं," ते हळूच म्हणाले. "संपावी म्हणून घडवली ती ही एकच तार."

पुढच्या खेपेला गेले, तर ते नव्या तारेचं टोक रिठ्याच्या पाण्यानं घासत बसलेले.

"अण्णा, टोकच तर आधी जळतं. कशाला चमकवताय?"

त्यांनी मान वर केली नाही.

"जाणार आहे म्हणून काय तशीच पाठवू तिला?"