सावकाशमामांचा सोमवार

सोमवार, १२ फेब्रुवारी. सकाळी गारवा. दूध नासलं, कोरा चहा केला. भाऊजींच्या ओठाची सूज उतरली. सावकाशमामा नेहमीच्या वेळी आले. भाऊजींची डावीकडची मिशी गेली. रात्री कोणालाच जेवण गेलं नाही.

रोजनिशीत मी एवढंच लिहिते. शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, घडलं ते वहीत लिहावं आणि वाटलं ते देवाला सांगावं. ती सवय अजून सुटलेली नाही. पण त्या दिवसाचं सगळं एवढ्याशा नोंदीत मावत नाही, म्हणून इथे जरा ऐसपैस लिहिते.

सावकाशमामा म्हणजे आमच्या चर्चमागच्या गल्लीतले न्हावी. खुर्चीत पोर रडायला लागलं की ते म्हणतात, "सावकाश." गिऱ्हाईक घाईत असलं की आणखीच सावकाश. हे नाव मुलांनी ठेवलं, मोठ्यांनी उचललं, आणि आता फादरसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारतात. सोमवारी दुकान बंद असतं. बाकीचे दुकानदार त्या दिवशी ताणून देतात. मामा पत्र्याची पेटी घेऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जातात, त्यांची दाढी करतात, केस कापतात, नखं काढतात. माणूस चर्चमध्ये येणारा असो वा नसो, चहाखेरीज काही घेत नाहीत.

एकदा फादरांनी प्रवचनात विचारलं होतं, देवाने आपल्याला जे दिलंय त्याचं आपण काय करतो? मिस्सा संपल्यावर मामा मला पायऱ्यांवर म्हणाले, "बाई, मला गाता येत नाही. वाचायला उभं केलं तर पाय लटपटतात. प्रार्थनासभेत मी घोरतो, मुलगी कोपर मारते. मग राहिलं काय? वस्तरा. आता देवाला तर दाढी करून घ्यायची नाही. म्हणून त्याच्या माणसांची करतो."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. माझे यजमान गेल्यावर या घरात मी आणि ते असे दोघेच राहिलो. भाऊजींचा जन्म कोर्टात पुकारा देण्यात गेला. पक्षकाराचं नाव त्यांनी दारातून पुकारलं की फाटकाबाहेर चहा पिणाऱ्याच्या हातातला कप हलायचा. पुढे अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. जीभ तेवढी वाचली. घरातलं सगळ्यात जास्त चालणारं यंत्र तेच.

मिशी म्हणजे त्यांचा जीव. टोकं वर वळवलेली, काळीभोर. खरी ती केव्हाच पांढरी झाली होती. डबीत मिळणारं काळं मेण रोज सकाळी मी तिला लावून द्यायची, आणि हे आम्हा दोघांखेरीज कोणाला माहीत नव्हतं. फेब्रुवारीत त्या मेणाने ओठ सुजला. डॉक्टरांनी मेण बंद करायला सांगितलं. रविवारी रात्री मी तेलाच्या बोळ्याने मिशी पुसून काढली, आणि काळ्या मिशीखालून कापसासारखी पांढरी मिशी बाहेर आली. भाऊजी आरशात बघून म्हणाले, "वहिनी, हा म्हातारा कोण?"

दुसऱ्या दिवशी मामा आले. पेटी उघडली, वस्तरा पट्ट्यावर घासला, मग मिटून दोन्ही तळव्यांत धरला आणि डोळे मिटले. सुरुवातीला ते नेहमी असं करतात. मनातल्या मनात प्रार्थना असते.

"काय रे मामा," भाऊजी म्हणाले, "देवाला विचारतोयस का, कापू की नको?"

"विचारतोय, या कोर्टाचं तोंड थोडा वेळ बंद ठेवशील का."

"मग? काय म्हणतो तो?"

"म्हणतो, माझ्या हातात असतं तर."

मी हसत स्वयंपाकघरात गेले. मामांनी गरम टॉवेल ठेवला, फेस केला. तोंडाला फेस लागला की भाऊजी डोळे मिटतात, ते दाढी होईपर्यंत. उजवीकडे वस्तरा जरा चुकला तर ते लगेच तोंड फिरवतात, पण डाव्या बाजूला त्यांना स्पर्शही नीट कळत नाही. मी चहा घेऊन आले तेव्हा मामा तुरटी फिरवत होते आणि भाऊजी आरसा मागत होते.

मी कपाकडे बघायचं विसरले. भाऊजींच्या ओठावर उजवीकडे पांढरी मिशी होती. डावीकडे नुसता ओठ.

भाऊजींनी आरशात पाहिलं. आता छप्पर उडणार, म्हणून मी बशी घट्ट धरली. पण त्यांनी आरसा मांडीवर ठेवला आणि कधी नव्हे एवढ्या हलक्या आवाजात विचारलं, "मामा, आज माझी मिशी कुठल्या रंगाची होती रे?"

"कुठल्या म्हणजे? काळी. नेहमीसारखी."

"हात लावून बघ."

मामांचा अंगठा पुढे आला. उजवीकडे मिशी लागली. डावीकडे तो तसाच घसरत कानापर्यंत गेला. मग मामा खुर्ची चाचपून खाली बसले. पांढऱ्या फेसात पांढरी मिशी त्यांना दिसलीच नव्हती; काळं दिसेना, म्हणजे मिशी अजून लांब आहे असं धरून त्यांनी वस्तरा नेला होता. इतके दिवस ते त्या काळ्या पट्टीच्या आधाराने वस्तरा फिरवत होते. बाकी सगळं अंगठ्याने.

तेव्हा एकेक गोष्ट माझ्या लक्षात आली. मगात पाणी ओतताना मामा काठावर बोट ठेवायचे. दारात आल्यावर मी बोलेपर्यंत ते कधी नमस्कार करायचे नाहीत. मला वाटायचं, किती जपून वागणारा माणूस.

"मोतीबिंदू आहे," मामा म्हणाले. "दोन्हीकडे. सगळं धुक्यातून दिसल्यासारखं दिसतं. दुकानात भाचा असतो, तो सांभाळून घेतो. सोमवारी मी एकटा."

"मग काढून टाक की. हल्ली लोक सकाळी जातात आणि संध्याकाळी घरी येऊन भाजी निवडतात."

"माझ्या बापालाही असंच सांगून नेलं होतं. थोडं दिसत होतं तेही घालवून बसले. नंतर तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचा." मामांनी वस्तरा पुसून पेटीत ठेवला आणि पेटी आमच्या टेबलावर सरकवली. "ही इथेच राहू दे, बाई. आज मिशी गेली, उद्या गळा जायचा. देवाने दिलं होतं, आता तोच परत घेतोय. घेऊ दे."

"आणि माझी ही उरलेली अर्धी?" भाऊजी म्हणाले. "ती कोण काढणार?"

"वहिनी काढतील."

"वहिनींच्या हातात मान देऊ? त्या कधीपासून वाट बघतायत!"

पण मामा हसले नाहीत. भिंतीला हात लावत ते गेले.

पुढच्या सोमवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. भाऊजींनी दुसऱ्या कोणाला तोंडाला हात लावू दिला नाही. दाढी वाढली, मिशी मात्र एका बाजूला झुपकेदार आणि दुसऱ्या बाजूला खुंटांची. फादर घरी कम्युनियनचा प्रसाद द्यायला आले आणि बघतच राहिले. भाऊजी म्हणाले, "फादर, ही मिशी पुरावा आहे. निकाल लागेपर्यंत हलवायची नाही." मामांच्या फेरीतले बाकीचे आजारीही असेच दाढी वाढवून बसले होते. फादर म्हणाले, हल्ली सोमवारी घरोघरी गेलो की जुन्या करारातल्या संदेष्ट्यांना भेटून आल्यासारखं वाटतं.

मामांची मुलगी संध्याकाळी कामावरून घरी जाताना आमच्याकडे डोकावायची. म्हणाली, "काकू, पप्पा दुकानातही बसत नाहीत. खिडकीशी बसतात. डॉक्टर म्हणतात, आणखी थांबलात तर कठीण होईल. मी बोलले की उठून आत जातात. जाताना दाराला आपटतात, आणि म्हणतात, दारच मध्ये आलं."

भाऊजींनी हे सगळं ऐकलं. ती गेल्यावर म्हणाले, "वहिनी, ती चाकांची खुर्ची कुठे आहे?"

खुर्ची चर्चने दिली होती. झटका आल्यापासून भाऊजी एकदाही तीत बसून बाहेर पडले नव्हते. ज्या गल्लीने मला ताठ चालताना बघितलं तिने मला ढकलत नेलेलं बघायला नको, असं म्हणायचे. खुर्चीवर मी इस्त्रीचे कपडे ठेवत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे पलंगावर टाकले, चाकांना तेल घातलं.

"आधी निदान मिशी सारखी करून घ्या," मी म्हटलं.

"नाही. अशीच."

गल्ली काही लांब नाही, पण मला त्या दिवशी लांब वाटली. भाजीवाली हातातला तराजू तसाच धरून बघत राहिली. शाळेच्या फाटकाशी मुलं एकमेकांना ढोसू लागली. भाऊजींची मान ताठ होती. फक्त कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला मागून दिसत होत्या.

मामांच्या दुकानावर पडदा ओढलेला होता. वर त्यांची खोली. भाऊजींनी खुर्ची मधोमध उभी करायला लावली, छाती भरून श्वास घेतला, आणि कोर्टातला तो जुना पुकारा दिला.

"सावकाशमामा हाजिर होऽऽ!"

कबुतरं उडाली. समोरच्या बाईच्या हातून चिमट्यांचा डबा पडला.

"सावकाशमामा हाजिर होऽऽ! सावकाशमामा हाजिर हो!"

वरची खिडकी उघडली. "अरे, ओरडतोस काय? गाव गोळा करशील!"

"झालंय गोळा. खाली ये."

मामा कठडा धरून खाली आले. खुर्चीच्या चाकाला पाय लागला तेव्हा ते थबकले. हात पुढे करून त्यांनी चाक चाचपलं, मग भाऊजींचा खांदा, मग चेहरा. मिशीशी बोटं आली आणि थांबली.

"तू असाच आलास? भर गल्लीतून?"

"अर्ध्या मिशीने. सगळ्यांनी बघितलं. भाजीवालीने तर वजन करायचं सोडलं. मामा, मला घराबाहेर पडायची भीती वाटायची रे. लोकांच्या नजरेची. आज पडलो. मेलो नाही. आता तुझी पाळी."

मामांनी चाकावरून हात फिरवला. मग म्हणाले, "आणि नाहीच दिसलं तर?"

"नाही दिसलं तर माझा खांदा आहे. चाकांवरचा आहे, म्हणजे तुला चालायलासुद्धा सोपं."

मामा हसले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले. मुलगी जिन्यात उभी होती. ती लगेच म्हणाली, "मी आज फोन करून दिवस ठरवते हं पप्पा. नंतर नाही म्हणायचं नाही."

"सावकाश," मामा म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत.

आधी उजवा डोळा करायचं ठरलं. त्या दिवशी भाऊजींनी वर्तमानपत्र उघडलं नाही. घड्याळ बंद पडलंय का, असं मला पुन्हा पुन्हा विचारलं. मी जपमाळ घेऊन बसले, पण निम्मं लक्ष फोनकडेच होतं. ऑपरेशन झालं एवढा निरोप संध्याकाळी आला, पट्टी दुसऱ्या दिवशी काढणार होते. सकाळी फोन वाजला. मुलगी हसत होती की रडत होती हे आधी कळेना.

"काकू, पट्टी काढल्यावर पप्पा पहिलं काय बोलले माहितीये? नर्सला म्हणाले, तुमच्या कॉलरला शाईचा डाग पडलाय!"

मी फोन तसाच भाऊजींच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "वहिनी, भूक लागलीय."

पुढचे काही आठवडे मामांना वाकायला आणि काम करायला बंदी होती. मुलगी कामावर गेली की ते आमच्याकडे येऊन बसत. मी त्यांच्या डोळ्यात औषध घालायची. डोळ्याला ताण नको म्हणून भाऊजी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत, तेही कोर्टातल्या आवाजात, जाहिरातींसकट. शेजारच्या घरांनी वर्तमानपत्र बंद केलं तरी चाललं असतं. झटक्यानंतर आपला कोणाला उपयोग होतोय, असं भाऊजींना बहुधा पहिल्यांदाच वाटत असावं. ते तसं बोलले नाहीत. पण सकाळी माझ्याआधी जागे होऊन वर्तमानपत्र आलं का विचारायचे.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली. सोमवारी मामा दारात आले, आणि मी तोंड उघडण्याआधीच म्हणाले, "नमस्कार, बाई. ही निळी साडी चांगली दिसते."

टेबलावरची पेटी त्यांनी स्वतः उघडली. धूळ नव्हती, मी पुसत होते. वस्तरा घासला, मिटून तळव्यांत धरला. डोळे मिटले. मामांनी एक डोळा उघडला. "का रे कोर्ट? आज काही म्हणणं नाही?"

"निकाल राखून ठेवलाय. चालू दे तुझं."

मामांनी आधी कात्रीने दाढी उतरवली, मग फेस केला. मी या वेळी स्वयंपाकघरात गेले नाही. ते मिशीच्या कडेपाशी आले, वाकून पाहिलं, फेसातून एकेक पांढरा केस वेगळा काढावा तसं पाहिलं, आणि वस्तरा अलगद बाजूने नेला. मग लांब बाजू कातरून दुसरीच्या बरोबरीला आणली. आखूड, पांढरी, सारखी.

भाऊजींनी आरसा घेतला. बराच वेळ पाहिलं.

"म्हातारा दिसतो."

"म्हाताराच आहेस," मामा म्हणाले. "मला आता दिसतंय."

भाऊजी इतके हसले की तुरटी लावायला मामांना थांबावं लागलं. चहा पिऊन मामा पेटी उचलून पुढच्या घरी निघाले. खिडकीतून मी पाहिलं, भिंतीला हात न लावता चालले होते. आणि सावकाश नव्हे, चांगले झपझप.

त्या संध्याकाळी वहीत लिहिलं: भाऊजींची दाढी झाली. उशीच्या अभ्र्यावर केस पडले होते. अभ्रा बदलला, जुना भिजत घातला.