थंडीच्या म्हाताऱ्याची पोथी

किशनराव कंडक्टरला पान-तंबाखूचंही व्यसन नव्हतं. त्याची सगळी कसर रशियन पुस्तकांनी भरून काढली. नांदेडच्या एका प्रदर्शनात त्याने लहान मुलांच्या कवितांचं रशियन पुस्तक उघडलं आणि गडी कामातून गेला. पानभर अस्वल, अंगात लाल सदरा, बर्फावरून घसरत निघालेलं. खाली कविता, पण एक अक्षर ओळखीचं असेल तर शपथ! त्याचं काही अडलं नाही. चित्र बघून ओळी तो स्वतःच जुळवी आणि कळमनुरीच्या गाडीत तिकिटं फाडता फाडता म्हणे, 'अस्वल निघालं सासुरवाडी, बर्फावरून सुटली गाडी.' उतारू हसत, सुटे पैसेही पटकन काढत.

मग अशा पुस्तकांसाठी रद्दीवाले झाले, दुकानं झाली, मास्तरांची कपाटं झाली. घरात ज्वारीची पोती बाहेर आणि अस्वलं आत अशी गत आली. बायको रुक्माबाई म्हणे, यापेक्षा सवत परवडली, ती भाकरी तरी थापू लागली असती.

सत्याहत्तरच्या दिवाळीनंतर वारंगा फाट्यावर व्यंकटरावाच्या किराणा दुकानात, गूळ बांधायच्या रद्दीत, त्याला एक नवं पुस्तक सापडलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, तरी हा तिथेच पानं उलटतोय. चित्रात पोरं खिडकीला नाक लावून वाट बघताहेत. बाहेर बर्फ. दारावर थाप पडली, पोरं धावली, आणि पुढचं पानच गायब! त्यापुढच्या पानावर सगळी पोरं मूठ-मूठ खाऊ घेऊन नाचताहेत. अरे, पण दारात आलं कोण? किशनरावाला घास गोड लागेना. व्यंकटरावाला खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्याला आठवलं की ते पान गुळासोबत मळ्यातल्या पार्वतीबाईकडे गेलं.

सुट्टीच्या दिवशी तो सायकल हाणत मळ्यात पोचला. पान होतं. काचेच्या चौकटीत, देव्हाऱ्यात, झेंडूचा हार घालून! पोटापर्यंत पांढरी दाढी, हातात काठी, खांद्यावर पोतं. पार्वतीबाईने उदबत्ती ओवाळत सांगितलं की महाराज घरी आले आणि म्हशीने लाथा मारणं सोडलं. नाव तेवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. किशनरावाला आनंदाने उडी मारावीशी वाटली. दारात आलेला पाहुणा अखेर दिसला होता! पण पान काढून कसं मागायचं? खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं, पण म्हातारीच्या तोंडाकडे बघून जीभ रेटेना.

"मावशी, हे महाराज न्हाईत," तो म्हणाला. "लेकरांच्या गाण्यातला थंडीचा म्हातारा हाय. पोत्यातून लेकरायला खाऊ आणतो."

पार्वतीबाईची उदबत्ती थांबली. "अन् बदल्यात काय मागतो?"

"काहीच न्हाई."

"मंग देव आनखी कसा असतो?"

गडबडीत किशनराव बोलून गेला की या म्हाताऱ्याचं बाकीचं पुस्तक माझ्या घरी आहे. झालं! फोटो एका घरी आणि पोथी दुसऱ्या घरी, हे पार्वतीबाईच्या कोणत्याच शास्त्रात बसत नव्हतं. तिने बजावलं, येत्या गुरुवारी पोथी इथं आली पाहिजे आणि वाचणाराही.

गुरुवारपर्यंत किशनराव पुस्तक उशाशी घेऊन तळमळला. आयुष्यात एवढा जीव त्याने कशातच गुंतवला नव्हता. तरी गुरुवारी लाल फडक्यात पोथी बांधून तो गेला. मळ्यातल्या बायका-पोरं दाटीवाटीने बसली. किशनराव स्वतःच्या ओळी रचून गाऊ लागला, पोरं ठेका धरू लागली. दारावर थाप पडली आणि त्याने नुसतं देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. पोरांनी असा गलका केला की म्हैस दावं तोडून बांधावर गेली.

सायंकाळी तो घरी आल्यावर रुक्माबाईने विचारलं, पान मिळालं का?

"मिळालं," तो म्हणाला. "पुस्तक पुरं झालं."

"मंग कुठं हाय?"

"मळ्यात. आता दर गुरुवारी वाचायला जायचं हाय," असं म्हणून तो तिथेच उंबऱ्यावर पोट धरधरून हसत बसला.