सर्व मंडळांची संमती

तो नियम मी लिहिला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला भली बाई समजायला नको.

ओंटारिओतल्या सात मराठी मंडळांचा मिळून आमचा एक संघ आहे. टोरोंटोच्या आसपासची चार, ओटावाचं एक, लंडनचं एक (इथलं लंडन, विलायतेतलं नव्हे) आणि सगळ्यात छोटं आमचं हॅमिल्टनचं. सरकारदरबारी नोंदणी संघाची आहे, आणि तिच्या जोरावर सगळ्या मंडळांना शाळा-हॉल मिळतात. वर्षातून दोनदा प्रतिनिधी जमतात, समोसे खातात आणि भांडतात. हॅमिल्टनची प्रतिनिधी मी. नागपूरची आहे, तोंडाळ आहे, त्यामुळे हे काम दुसऱ्या कुणाला नकोच असतं.

तर तो नियम. नऊ वर्षांपूर्वी आमच्या मंडळात दिवाळीच्या फराळावरून जुंपली. माझी तेव्हाची जिवलग मैत्रीण, जिच्यासोबत मी या देशातला पहिला हिवाळा एका बेसमेंटमध्ये काढला, ती म्हणाली की यंदा फराळ केटररकडून मागवू. सगळे नोकऱ्या करतात, कोण बसणार तळत? आता यात राग येण्यासारखं काय होतं? पण मला आला. भरसभेत म्हणाले, "ज्यांना चकली पाडता येत नाही त्यांनी मंडळ चालवू नये." ती उठली, तिच्याबरोबर तेरा घरं उठली, आणि महिन्याभरात हॅमिल्टनमध्ये दुसरं मराठी मंडळ उभं राहिलं. त्यांनी संघाकडे सभासद होण्याचा अर्ज केला. मी एका बैठकीत संघाच्या घटनेत ओळ घालून घेतली, की नव्या मंडळाला प्रवेश देताना सर्व सभासद मंडळांची संमती हवी. एकानेही विरोध केला नाही. काहून करतील? प्रत्येकाच्या मंडळात कुणी ना कुणी फुटायच्या बेतात होतंच. मी 'नाही' म्हटलं, आणि तिचा अर्ज फाइलमध्ये गेला तो तिथेच राहिला.

आणि आता मी वसईच्या ताईंना गाडीत बसवून त्याच संघाच्या बैठकीला घेऊन चालले होते.

ताई साठीला आलेल्या. वसईच्या ख्रिस्ती. आठवडाभर वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये राबतात आणि शनिवारी सकाळी चर्चच्या बेसमेंटमध्ये मुलांना मराठी शिकवतात. अकरा वर्षं. वर्गात वसईकरांची मुलं असतात, आमच्याही मंडळाची असतात. माझा मुलगा घरी मला इंग्लिशमध्येच उत्तरं द्यायचा. ताईंकडे दोन वर्षं गेल्यावर एकदा फोनवर माझ्या वडिलांना म्हणाला, "आजोबा, तुमचा गुडघा कसा आहे?" बाबांनी त्याला तेच पुन्हा म्हणायला लावलं.

ते चर्च आता विकायला काढलं होतं. सिटीच्या कम्युनिटी सेंटरमध्ये शनिवारची एक खोली रिकामी होती, पण ती फक्त नोंदणीकृत संस्थेला किंवा तिच्या सभासदांना मिळणार. वसईकरांचं मंडळ म्हणजे वीस-बावीस घरं, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि ताई. नोंदणी करायची तर वर्ष जाणार. सेंटरने शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. त्या दिवशी रविवार होता. संघाने आज प्रवेश दिला तर वर्ग राहणार, नाही दिला तर अकरा वर्षांनी बंद.

बर्फ पडून गेलं होतं, हायवेवर बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचा नुसता चिखल. ताई मांडीवर मुलांच्या वह्यांची पिशवी धरून बसल्या होत्या.

"सगळ्यांनी हो म्हणायला लागतं म्हणे," त्या म्हणाल्या. "एकाने नाही म्हटलं की संपलं. असा नियम कुणी केला असेल, बाय?"

"असेल कुणीतरी शहाणं," मी म्हटलं आणि वायपर उगाचच जोरात चालू केला.

संघाची एक पद्धत आहे. अर्जावर चर्चा चालू असताना अर्जदाराने बाहेर बसायचं. म्हणजे लोकांना मोकळेपणी बोलता येतं. टोरोंटोच्या त्या सेंटरच्या कॉरिडॉरमध्ये एक प्लास्टिकची खुर्ची होती. ताई कोट न काढता तिच्यावर बसल्या. पिशवी माझ्याकडे देत म्हणाल्या, "कुणाला बघायच्या असतील तर." मी आत गेले. खोलीचं दार नीट लागत नव्हतं. बोटभर फट राहायची. मी दोनदा ओढून पाहिलं.

सहा जण टेबलाभोवती, ओटावाचे काका लॅपटॉपच्या पडद्यावर. अध्यक्ष लंडनचे, रिटायर्ड प्रोफेसर, गोड माणूस, पण कशाचाही निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलण्यात पटाईत. त्यांनी अर्ज वाचून दाखवला. मग सुरू झालं.

"एका गावात दोन मंडळं कशाला?"

"आपले कार्यक्रम आरतीने सुरू होतात. त्यांना ते चालेल का? म्हणजे त्यांनाच ऑकवर्ड व्हायला नको."

"मला तर काही प्रॉब्लेम नाही, पण त्यांची मराठी जरा वेगळी आहे ना? मुलांच्या कानावर तीच पडणार."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पिशवीतून हाताला आली ती वही काढली आणि बोलणारीच्या पुढ्यात आपटली. "वाच. दहा वर्षांच्या मुलीने 'माझी आई' लिहिलंय. पान भरून. तुझा मुलगा किती ओळी लिहितो ते सांग मग." तिने वही उघडली नाही. मी म्हणाले, "आमच्या मंडळाचा पहिला गणपती कुठे बसला होता माहितेय का कुणाला? त्या चर्चच्या हॉलमध्ये. आम्हाला जागा मिळेना तेव्हा किल्ली ताईंनी आणून दिली. आणि दीड दिवस त्या दाराशी उभ्या होत्या, कुणी चुकून बूट घालून आत जाऊ नये म्हणून."

मला वाटलं, झालं काम.

अध्यक्षांनी मतं घेतली. सहा हात वर. सातवा नाही. तो टोरोंटोच्या पूर्वेकडच्या मंडळाचा, आयटीतला, फार सभ्य तरुण. "मी पर्सनली अगदी फेव्हरमध्ये आहे," तो म्हणाला, "पण आमच्या कमिटीने ठरवलंय. आज यांना घेतलं की उद्या कुणालाही घ्यावं लागेल. सॉरी. सर्व मंडळांची संमती हवी, असं घटनेतच आहे."

माझंच वाक्य मला वाचून दाखवत होता मेला. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

अध्यक्ष अर्ज फाइलमध्ये ठेवायला लागले. "पुढच्या बैठकीत पुन्हा बघू," म्हणाले. पुढची बैठक म्हणजे उन्हाळा. मी उभी राहिले.

"तो नियम मी आणला होता," मी म्हणाले. "भांडणाच्या रागात आणला होता. एका बाईला बाहेर ठेवायचं म्हणून. मी आज ठराव मांडते, की तो काढावा. निम्म्याहून जास्त मंडळांनी हो म्हटलं की प्रवेश. घटना बदलायला पाच मतं लागतात. घ्या मतं."

"आधी अनुमोदक हवा," अध्यक्ष म्हणाले.

ठराव मांडणारी मी. पण दुसऱ्या कुणी 'अनुमोदन' म्हटल्याशिवाय ठरावावर चर्चासुद्धा होत नाही. मी एकेकाकडे बघत गेले. कुणी फोन बघतंय, कुणी समोशाची प्लेट सरकवतंय. आत्ताच ताईंसाठी हात वर केलेले लोक हे! हात वर करायला काय जातं, पडणार हे माहीत असल्यावर? नियम काढायचा म्हणजे उद्या आपल्याच मंडळातून फुटलेले आपल्या शेजारी येऊन बसणार. ओटावाच्या काकांचा चेहरा पडद्यावर गोठला होता, तोंड अर्धं उघडं. नेट गेलं होतं.

"कुणी नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"काकांचं नेट येऊ द्या," मी म्हणाले.

"अहो, असं किती वेळ..."

"दोन मिनिटं द्या हो! नऊ वर्षं गेली, दोन मिनिटांनी काय बिघडतंय?"

सभ्य तरुणाने घड्याळात बघितलं. मग पडदा हलला आणि काका म्हणाले, "...ऐकू येतंय का? मघापासून ओरडतोय मी. अनुमोदन! अनुमोदन माझं!"

मी खुर्चीवर बसले तेवढ्यात अध्यक्ष चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मतांच्या आधी एक सांगायला हवं. नियम गेला, तर फाइलमध्ये तुमच्या गावचा आणखी एक अर्ज आहे. तोही आजच निकाली काढावा लागेल. चालेल ना?"

चालणार नव्हतं. जराही चालणार नव्हतं. त्या बाईने माझ्यासोबत एका रजईत हिवाळा काढला आणि मग माझी तेरा घरं घेऊन गेली. ग्रोसरीत दिसली की मी दुसऱ्या रांगेत वळते. पण दाराच्या फटीतून मला ताईंच्या कोटाची बाही दिसत होती. "चालेल," मी म्हणाले.

पाच विरुद्ध दोन. नियम गेला. ताईंच्या अर्जाला पुन्हा तेच सहा हात, आणि या वेळी ते पुरले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी दार उघडलं, "या ताई, झालं," म्हटलं, आणि त्यांना मिठीच मारली. त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि आत येऊन माझ्या शेजारी बसल्या. वहीची विस्कटलेली पानं सरळ केली आणि ती पिशवीत ठेवली. त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

मग दुसरा अर्ज निघाला. हात वर झाले. चार हो. सभ्य तरुण नाही. वही न उघडणारी नाही. आणि मी.

माझा हात खालीच होता. मी ठरवलं वगैरे नव्हतं, तो वर जातच नव्हता.

"आता आठ मंडळं झाली," अध्यक्ष म्हणाले. "पाच मतं हवीत. ताई, तुमचं मत राहिलंय."

मी टेबलाखालून ताईंचं मनगट धरलं. हळूच म्हणाले, "तुम्ही तटस्थ राहा, ताई. एवढं करा माझ्यासाठी." खरंच म्हणाले. पंधरा मिनिटांपूर्वी घसा फोडून भाषण देणारी मीच.

ताईंनी अध्यक्षांना विचारलं, "यांनी अर्ज कधी दिलेला?"

"नऊ वर्षं झाली."

ताई माझ्याकडे वळल्या. रागावल्या असत्या तरी मला सोपं गेलं असतं. आवाज अगदी वर्गातला, न समजलेलं पुन्हा समजावून सांगतानाचा.

"मी चाळीस मिनिटं बसले बाहेर, बाय," त्या म्हणाल्या. "लई वाईट वाटतं गं."

आणि त्यांनी आपलं मनगट माझ्या मुठीतून सोडवून घेतलं, हात वर करायला.