‘वापरा’ म्हटलंय, ‘बदला’ नाही

माझ्या नवऱ्याने आपल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम बुडवला होता. आणि मला त्याचा भयंकर अभिमान आहे.

आज सुहासला जाऊन वर्ष झालं.

कोलकात्यात वाढणारी आपली मुलं. आमची लेक रेवाच काही वर्षांपूर्वी "मला भूक लागला" म्हणायची. त्यांच्यासाठी गणपतीत मराठी अक्षरांचं ॲप आणायचं ठरलं.

बराकपूरच्या एका रिटायर्ड मास्टरमशायांनी, म्हणजे शाळेतल्या गुरुजींनी, बंगाली अक्षरांचं तसं ॲप केलं होतं. सगळा कोड नेटवर उघडा. सुहास सेक्टर फाइव्हच्या आयटी कंपनीतला प्रोग्रॅमर. तो कोड मराठीत आणणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ.

पण खाली एवढंच लिहिलेलं: वापरा, शिका.

"वापरा म्हटलंय ना? मग झालं की!" मंडळाचे सेक्रेटरी काका.

"वापरा म्हटलंय, काका. बदला नाही म्हटलं."

परवानगीसाठी केलेल्या मेलला मास्टरमशायांचं उत्तर येईना. हा पठ्ठ्या रविवारी सियालदाहून ट्रेन पकडून थेट त्यांच्या दारात.

मास्टरमशाय सरळ नाही म्हणाले. आधी कुणीतरी कोड उचलला होता, आणि त्यातली चित्रं काढणाऱ्या त्यांच्या दिवंगत बायकोचं नाव पुसून टाकलं होतं.

सुहास त्यांना नमस्कार करून परत आला.

मंडळात ही बोंबाबोंब! हॉल बुक, पाहुणे ठरलेले. मीही म्हटलं, "अरे, घे की. कोण बघायला येतंय?"

"त्यांनी नाही म्हटलंय, गौरी. विषय संपला."

मग ऑफिस सांभाळून स्वतःच पहिल्या ओळीपासून लिहायला बसला. गणपती आले आणि गेले.

दिवाळीनंतर मास्टरमशायांचाच फोन. "काय केलंत शेवटी?"

"स्वतः लिहितोय. तुमच्यासारखं जमत नाहीये."

मग मास्टरमशाय म्हणाले, "घ्या माझा. बदला हवा तसा. हिचं नाव तेवढं राहू द्या."

तशी लेखी परवानगीही पाठवली. आज ॲप उघडलं की पहिलं नाव त्या माउलीचंच दिसतं.

सुहासने त्यात बोटाने अक्षर गिरवायची सोय घातली. त्यावर गिरवून आपली पोरं मराठी वाचायला लागली. रेवा तर आता माझ्याच चुका काढते!

आज सकाळी मास्टरमशायांचा फोन आला. गिरवायची ती सोय त्यांना बंगाली ॲपमध्ये घ्यायची आहे. मूळ कोड त्यांचाच, त्यांना कोण अडवणार होतं? तरी सूनबाई म्हणून हाक मारत विचारलं, "बउमा, अनुमती देबे?"

रेवाने माझ्या हातून फोन घेतला आणि या बंगाली आजोबांना म्हणाली, "घ्या ना, दादू. फक्त बाबाचं नाव लिहा."

सुहास, तुझा कोड देऊन टाकला रे. तुला न विचारता.

तेवढं चालवून घे.