चार स्पेसचे साडू

जगात काम करणारे आणि कामाची तयारी करणारे अशी दोनच तऱ्हेची माणसं आहेत असं मानलं, तर दुसऱ्या तऱ्हेचं अध्यक्षपद माझ्या साडूंकडे तहहयात राहील. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान भद्रावतीच्या एका कॉलेजात संगणक शिकवायचे. गेली सात वर्षं ते एक प्रोग्रॅम लिहीत आहेत. गावाचं नाव टाकलं की चंद्रपूरची पुढची बस कधी, ते सांगणारा. त्याची पहिली ओळ लिहून झाली आहे. बाकीचा काळ एडिटर लावण्यात गेला. एडिटर म्हणजे प्रोग्रॅम लिहायची संगणकातली वही. तिच्यात अक्षर केवढं, कागदाचा रंग कोणता, समास किती, हे आपलं आपण ठरवता येतं. ज्याने कोणी ही सोय केली, त्याने आमच्या साडूंना पाहिलेलं नसावं. "बसचं मंग पाहू जी, आधी वही तर झाली पाह्यजे," असं ते म्हणतात, आणि तेवढ्यात त्यांची स्वतःची बस निघून जाते.

रंगाचंच घ्या. पांढरा कागद त्यांच्या डोळ्यांत घुसतो. काळा सुचवला तर म्हणाले, "कोयशाच्या खाणीपाशी राहून अजून काळंच पाहू का?" शेवटी चैत्रात आम्ही दोघे जावई पोंभुर्ण्याला सासुरवाडीस गेलो असताना हे गृहस्थ पहाटे लॅपटॉप घेऊन मोहाच्या झाडाखाली बसले. पडलेली फिकट पिवळी फुलं एकेक करून स्क्रीनवर ठेवायची, रंगाचे आकडे बदलायचे, पुन्हा ताडून पाहायचे. ऊन वर आलं तशी फुलाची छटा बदलली, म्हणून दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. टोपली घेऊन मोह वेचायला आलेल्या सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काऊन जी, थोरले जवाई कम्पुटरले मोहफुलं चारून राह्यले का?" रंग मात्र हुबेहूब जुळला होता, हे कबूल केलं पाहिजे.

प्रोग्रॅममधली आतली ओळ किती सरकवून लिहावी यावर जाणती माणसं हमरीतुमरीवर येतात. साडूंच्या लेखी चार स्पेस, म्हणजे चार अक्षरांची कोरी जागा, विषय संपला. लहानपणी वडिलांच्या मागे बांधीतल्या चिखलात धानाची रोवणी केलेला माणूस तो. रांग वाकडी दिसली की त्यांचा जीव कासावीस होतो. मी चंद्रपुरात घरी बसून एका कंपनीचे प्रोग्रॅम लिहितो. एका दिवाळीत मी चहा ठेवायला आत गेलो, तेवढ्यात त्यांनी माझा एडिटर असा लावून ठेवला, की फाइल जतन केली रे केली की सगळ्या ओळी आपोआप चार स्पेसांत उभ्या राहाव्यात. मी एक स्वल्पविराम बदलून फाइल पाठवली. सगळ्याच ओळी सरकल्यामुळे कंपनीत दिसलं की मी अख्खी फाइल नव्याने लिहिली. साहेबांनी मला फोनवर उभा-आडवा घेतला. मी साडूंवर उखडलो, तर हे शांतपणे म्हणतात, "वरडता काऊन? कशा रांगेत उभ्या हायेत, ते तं पाहा!" त्या दिवसापासून माझ्या संगणकाला हात लावायला त्यांना मी बंदी केली.

मग गेल्या वर्षी रक्तातल्या साखरेने माझे डोळे धरले. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली जपू, असं डॉक्टर म्हणाले. अक्षरं धुरकटली. मोठी करून घ्यायची मला लाज वाटे, कारण मीटिंगमध्ये सगळे एकमेकांची स्क्रीन बघतात आणि बालवाडीच्या पुस्तकाएवढी अक्षरं बघून लोक काय ते समजले असते. घरीही सांगितलं नाही. एका रविवारी मी गुपचूप राजीनामा लिहिला. तो वाचत असतानाच जेवायला आलेले साडू मागे येऊन उभे राहिले. "तुमचं नाक स्क्रीनले लागून राह्यलं," ते म्हणाले. मला वाटलं, आता साखरेवर कारल्याचा रस प्यायला सांगणार. पण ते एवढंच म्हणाले, "सरका जरा. पाहू द्या मले."

मी बंदी विसरून उठलो. दुपारभर ते लावत होते. अक्षर मोठं, कागद मोहफुलाचा, कर्सर जाड, कंसांच्या प्रत्येक जोडीला वेगळा रंग, हातातल्या ओळीखाली उजळ पट्टा. दर वेळी मला खुर्चीत ताठ बसवून विचारायचे, "आता दिसते?" "नाही." "आता?" सात वर्षं हा माणूस नुसता वेळ घालवतो असं मी चारचौघांत हसून सांगत आलो होतो. चारच्या सुमारास मी पाठ टेकून अख्खी ओळ मोठ्याने वाचली आणि मला रडू कोसळलं. "रडू नोका," ते म्हणाले, "अजून कंसाचा हिरवा जमला नाई." मग थंडगार भात खाऊन ते बसला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लावलेली सेटिंगची फाइल मी उघडली. अक्षराच्या आकाराच्या आकड्याशेजारी त्यांनी टीप लिहून ठेवली होती : "दरसाल थोडं वाढवजा. लाजू नोका." राजीनामा मी पुसून टाकला. मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवली तेव्हा कोणी काही बोललं नाही. एकाने फक्त कागदाचा रंग मागून घेतला.

आता साडू निवृत्त होऊन लेकीकडे पुण्याला गेलेत. भेट होत नाही, आणि मला त्यांची फार आठवण येते. फोनवर ते डोळ्यांबद्दल कधी विचारत नाहीत. परवाही एवढंच विचारलं, "कितीवर आलो आपण?"

"चोवीस," मी म्हणालो.

"हाव ना," ते म्हणाले, "स्क्रीनवर अजून बहुत जागा हाये."